ब्रेक परत लिबलिबीत!

या पावसाळ्यात तिसऱ्यांदा! पणजीतल्या आल्तिनोच्या उतारावर सायकलचा मागचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकली, जीव घशात. दोन-तीनदा पंप केलं की कडक होते, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या लाईनमध्ये हवा आहे हे मलाही कळतं हो, पण दुकानात जावं तर एकच पालुपद, पॅड बदला. अरे मागच्याच महिन्यात बदललेत, जाड आहेत अजून! वर तिथला पोरगा डॉट फ्लुइडची, म्हणजे वेगळ्याच जातीच्या ब्रेक तेलाची, बाटली घेऊन आला, लिव्हरवर मिनरल ऑइल असं चक्क छापलेलं असताना. ते भरलं असतं तर आतली रबरी सील फुगून सगळंच बाद. ओरडलो तेव्हा थांबला.

मग घरीच ब्लीड केलं, म्हणजे लाईनमधली हवा काढली, बुडबुडे निघाले, दोन दिवस मस्त आणि तिसऱ्या दिवशी परत लिबलिबीत, शिवाय आता डुकरासारखा किंचाळतोय. काल चाक काढून बघितलं तर लाल चिखलाखाली ब्रेकच्या चकतीवर पॅड दाबणारा कॅलिपर ओला, पिस्टनच्या सीलमधून तेल झिरपतंय आणि नवेकोरे पॅड त्यात भिजलेत. सील सुटं मिळत नाही म्हणे, अख्खा कॅलिपर घ्या! रविवारी सगळे चोर्ला घाटात चाललेत, मी बसतो चिंध्या घेऊन रोटर, म्हणजे ती चकती, पुसत.