जलाश्वला भंगार म्हणणाऱ्यांसाठी

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाने आपल्या नौदलाच्या आयएनएस जलाश्व या जहाजाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘अमेरिकेचं भंगार’. त्यावर सात जण हसले. सात! त्यातले तिघं तरी मे २०२० मध्ये माझ्या भावासाठी देव पाण्यात घालून बसले होते.

धाकटा तेव्हा मालदीवमध्ये एका रिसॉर्टच्या किचनमध्ये होता. पगार बंद, विमानं बंद. ८ मे रोजी जलाश्व मालेहून ६९८ जणांना घेऊन निघालं, त्यात १९ बायका गरोदर. १० मे रोजी कोचीला लागलं. तिथून फोनवर त्याचं पहिलं वाक्य, “आमका गरम च्या दिल्यानी गो ताई.” आईला फोन दिला तर तिच्याने बोलवेना.

जहाज जुनं आहे, मान्य. अमेरिकी नौदलात १९७१ साली ‘ट्रेंटन’ नावाने दाखल झालेलं, आपण ते २००७ साली घेतलं. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनेही या खरेदीवर ताशेरे ओढले होते. बरं, मग? देशात अशी चार बांधायची निविदा २०१३ साली निघाली आणि २०२० साली रद्द झाली. त्यावर कुणी हसलं नाही ते!

हे जहाज पोटात पाणी घेतं, मागचा दरवाजा उघडतं आणि आतल्या बोटी तरंगत बाहेर पडतात. जिथे धक्का नाही तिथेही रणगाडे, माणसं, मदत उतरवता येते. ट्रेंटन असताना १९९१ मध्ये मोगादिशूत आणि २००६ मध्ये बैरुतमध्ये अडकलेली माणसं त्याने बाहेर काढली. आपल्याकडे आल्यावर माले. पुढच्या वर्षी मे २०२१ मध्ये, आपण इथे सिलिंडरसाठी फोन फिरवत होतो तेव्हा, ब्रुनेई आणि सिंगापूरहून ऑक्सिजनचे टँक घेऊन विशाखापट्टणमला आलं तेही हेच. झेंडा बदलला, काम तेच राहिलं.

आणि फेब्रुवारी २००८ मध्ये सरावाच्या वेळी याच जहाजावर विषारी वायूने सहा नौसैनिक गेले. पहिलं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या घरच्यांसमोर म्हणाल का हो भंगार?

लिहिता लिहिता राग उतरला. आता फक्त तो चहा आठवतोय. बाकीचा प्रवास धाकट्याला धड सांगता येत नाही, चहाचं मात्र दर वेळी सांगतो. स्टीलच्या ग्लासात होता, आलं घातलेला.

तो त्या ग्रुपवर नाही. मेसेज मी त्याला दाखवणार नाही.