1955 च्या भावात

आज दुपारी इथल्या न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पिकनिकचं पोस्टर आलं आणि तेव्हापासून माझं डोकं शांत होत नाहीये. थीम आहे ‘फिफ्टीज अमेरिका’. थीमबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पोल्का डॉटचे स्कर्ट घाला, मिल्कशेक करा, ज्यूकबॉक्स भाड्याने आणा, मीही हौसेने येईन. पण पोस्टरवर 1955 हे साल आणि भावांची एक यादी आहे. पेट्रोल गॅलनला 29 सेंट, बर्गर 15 सेंट, कोकची बाटली 5 सेंट, नवं घर 8 हजार डॉलर. आणि खाली आमच्या एका काकांनी लिहिलंय, "ही खरी अमेरिका. कष्ट करणाऱ्याला सगळं मिळायचं. एकाच्या पगारात घर, गाडी, चार मुलं." त्यावर बदामांचा नुसता पाऊस.

काकांना मी मानते. माझ्या मुलाला बाराखडी त्यांनी गिरवायला लावली, आमच्या घरी आजारपण होतं तेव्हा काकू डबा घेऊन यायच्या. म्हणून तिथे वाद घातला नाही. इथे लिहितेय, कारण इथे सगळी माझी माणसं आहेत, तुम्हाला पहिल्यापासून समजावत बसावं लागणार नाही.

यादीतले भाव त्या काळातले खरे आहेत, त्यावर भांडण नाही. कोक तर, आधी ग्लासात आणि पुढे छोट्या बाटलीत, 1886 पासून 1950 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत 5 सेंटलाच मिळत होतं. पण शेजारी पगार लिहा ना! 1955 मध्ये अमेरिकेत किमान वेतन तासाला 75 सेंट होतं. म्हणजे तो 15 सेंटचा बर्गर खायला बारा मिनिटं राबायचं. आणि ते किमान वेतनही सगळ्यांना लागू नव्हतं. शेतमजुरांना नव्हतं, घरकाम करणाऱ्या बायकांना नव्हतं.

घरकाम करणाऱ्या बायका म्हटलं की मला आमच्या शेजारच्या आजी आठवतात. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. काळ्या आहेत, पंचाहत्तरी कधीच ओलांडली, इथल्याच ट्रेंटन शहरात वाढल्या. आम्ही या गल्लीत राहायला आलो तेव्हा सगळ्यात आधी दार वाजवलं ते त्यांनी. हातात स्वीट पोटॅटो पाय होता. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही.

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये होते. परत आल्यावर डेलावेअर नदीकाठच्या नव्या पोलाद कारखान्यात लागले. कष्ट म्हणाल तर रात्रपाळ्या, भट्टीजवळचं काम. आजी सहा-सात वर्षांच्या असताना एका रविवारी चर्च सुटल्यावर वडिलांनी सगळ्यांना गाडीत घातलं आणि नदीपलीकडच्या एका नव्या वसाहतीत नमुन्याचं घर बघायला नेलं. आईने हातमोजे घातले होते. वडिलांच्या कोटाच्या आतल्या खिशात सैन्यातून सुटल्याचा कागद होता, कारण तो दाखवला की सैनिकाला एक पैसा आगाऊ न भरता घर मिळतं असं जाहिरातीत छापलं होतं. स्वयंपाकघरात एक पांढराशुभ्र फ्रिज होता. आजींनी तो उघडला तर आत दिवा लागला. बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा लागला. आईने हात धरून बाजूला ओढलं. तेवढ्यात विक्रीवाला आला आणि वडिलांना अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सगळी विकली गेली." मागे भिंतीवरच्या नकाशात अर्ध्याहून जास्त चौकोन रिकामे होते. आजींना तेव्हा मोजता येत होतं.

आता सांगा काका, कष्ट करणाऱ्याला सगळं मिळायचं?

ही एका विक्रीवाल्याची मर्जी नव्हती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 1947 मध्ये लेव्हिट कंपनीची लेव्हिटटाउन ही नव्या घरांची वसाहत सुरू झाली. आपल्या पोस्टरवरचं 8 हजारांचं घर तिथलंच, 1949 मध्ये 7,990 डॉलरला विकलं गेलेलं. त्या वसाहतीच्या करारातच कलम होतं की या घरात कॉकेशियन वंशाखेरीज कोणी राहायचं नाही. घरनोकर असेल तर चालेल, असंही त्यात होतं. 1948 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असली कलमं कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत, तरी विकणारे विकायचे नाहीतच. आणि कर्जाला हमी कोणाची? सरकारची! सरकारी खात्याचे नियमच असे की जिथे काळी कुटुंबं राहतात तिथे कर्ज धोक्याचं. 1947 साली मिसिसिपीत सैनिकांना सरकारी हमीची 3 हजारांहून जास्त कर्जं मिळाली, त्यातली काळ्या सैनिकांना दोन. दोन! त्याच युद्धात गेले होते ना ते?

त्याच कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये 1957 च्या ऑगस्टमध्ये मायर्स कुटुंब राहायला आलं. तिथलं पहिलं काळं कुटुंब. नवरा-बायको, तीन लहान मुलं. संध्याकाळी घरासमोर शेकड्यांनी जमाव जमला, खिडकीच्या काचा दगडांनी फोडल्या, पुढे धमकावायला आजूबाजूला क्रॉस जाळले. तेव्हाही पेट्रोल स्वस्तच होतं.

हो, घरं आज परवडत नाहीत, हे कबूल. माझा मुलगा आणि सून दोघं नोकरी करूनही भाड्यानेच राहतात. काकांचं तेवढं बरोबर आहे.

पण मग ती घरं स्वस्त का होती ते तरी पूर्ण सांगा. साडेसातशे-आठशे चौरस फुटांचं घर, दोन खोल्या झोपायच्या, एक बाथरूम, वरचा माळा तसाच अर्धवट ठेवलेला. आपल्यातल्या कितीजणांची आज त्यात राहायची तयारी आहे? आणि पगार चांगले का होते? कारण तेव्हा तीनातला एक कामगार युनियनमध्ये होता. 1946 मध्ये चाळीस लाखांहून जास्त कामगार संपावर गेले होते. श्रीमंतांच्या सर्वांत वरच्या कमाईवर 91 टक्के कर होता. युनियन म्हटलं की नाक मुरडणारी आणि कर म्हटलं की डोक्याला हात लावणारी मंडळीच आज बदाम टाकतायत. याचाच मला राग येतो. फळ हवं, झाड नको.

जुलै 1959 मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना अमेरिकन घर दाखवत होते. चकचकीत स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, 14 हजार डॉलरचं घर. म्हणाले, आमचा कुठलाही पोलाद कामगार हे घर घेऊ शकतो, त्याला तासाला 3 डॉलर मिळतात. त्याच वेळी अमेरिकेत जवळजवळ पाच लाख पोलाद कामगार संपावर होते. आजींचे वडील त्यातले एक. तो उन्हाळा त्यांना चांगला आठवतो. आई लोकांच्या इस्त्रीचे कपडे घरी आणायची, सगळ्या घराला ओलसर स्टार्चचा वास यायचा. आणि टीव्हीवर कोणी सांगत होतं, "कुठलाही पोलाद कामगार."

हो, टीव्ही होता त्यांच्याकडे. हप्त्यावर घेतलेला. एखादा काळा कलाकार पडद्यावर आला की मुलं अंगणात धावत जाऊन शेजाऱ्यांना हाका मारायची, लवकर या, लवकर या! इतकं ते दुर्मीळ. गायक नॅट किंग कोलचा स्वतःचा कार्यक्रम 1956 मध्ये एनबीसी या वाहिनीवर सुरू झाला. गोड गळा, देखणा माणूस, मोठमोठे गायक पाहुणे. साधारण वर्षभरात बंद पडला, कारण देशभर जाहिरात द्यायला एकही मोठी कंपनी पुढे आली नाही. आजींच्या वडिलांनी त्या रात्री टीव्ही बंद केला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले म्हणे. त्या काळातलं संगीत मला मनापासून आवडतं. स्वयंपाक करताना मी तेच लावते. म्हणूनच ते गाणाऱ्यांचं काय झालं हे मला माहीत असावं असं वाटतं, आणि तुम्हालाही.

"एकाच्या पगारात घर" हे तर बायकांनी तरी लाइक करू नये. 1950 मध्येही अमेरिकेत तीनातली एक बाई कामाला जात होती. बाकीच्या घरी होत्या त्या सगळ्या मर्जीने होत्या का? नवऱ्याच्या सहीशिवाय बँक कर्ज नाकारायची, आणि लग्न झालंय किंवा बाई आहे म्हणून तसं करायचं नाही हा कायदा आला 1974 मध्ये. आजींच्या आईने पुढे बरीच वर्षं नदीपलीकडे घरकाम केलं. नवऱ्याला जिथे घर विकलं नाही तसल्याच वसाहतीत. सकाळी बसने जायचं, दिवसभर दुसऱ्यांचे फ्रिज पुसायचे, संध्याकाळी परत. मी एकदा विचारलं, आईला राग नाही यायचा? आजी म्हणाल्या, यायचा ना, पण रविवारी चर्चला जाताना हातमोजे ती घालायचीच. हे सांगताना त्या हसत होत्या, आणि मलाच उत्तर सुचेना.

बसवरून आठवलं. अलाबामातल्या माँटगोमेरीत बसचं तिकीट 10 सेंट होतं. गोऱ्याला 10, काळ्यालाही 10. पण काळ्या माणसाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं, मागच्या दाराशी जायचं आणि तिथून आत शिरायचं. कधीकधी तेवढ्यात बस निघून जायची, पैसे घेऊन. डिसेंबर 1955 मध्ये लोकांनी त्या बसवर बहिष्कार घातला आणि 381 दिवस पायपीट केली. पोस्टरवरचं साल तेच आहे, 1955.

आणि आपण? ‘खरी अमेरिका’ म्हणताना आपण त्यात कुठे होतो? 1946 च्या कायद्याने अख्ख्या हिंदुस्थानातून वर्षाला 100 माणसांना इथे कायमचं यायची परवानगी होती. अख्ख्या देशातून शंभर! 1965 मध्ये कायदा बदलला, तो काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन हवा बदलली त्याच वर्षांत बदलला. काका 1971 मध्ये आले, मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आपलं इथलं घर, मंडळ, पिकनिक, सगळं त्यांच्या चपला झिजल्या म्हणून आहे. न्यू जर्सीतसुद्धा लेव्हिट कंपनीने काळ्या लोकांना घरं नाकारली होती आणि 1960 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तिला वठणीवर आणलं. नाहीतर आपल्याला तरी इथे कोणी नमुन्याचं घर उघडून दाखवलं असतं का?

काही जण म्हणतील, पिकनिक आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मुलांना मजा येईल हे मान्य. मीही बटाटेवडे करून आणणार आहे. पण त्याच मुलांना आपण शिवाजी महाराजांचा इतिहास सन-सनावळीसकट शिकवतो. मग ज्या देशात ती जन्मली त्याचा इतिहास फक्त बर्गरच्या भावात का सांगायचा?

तर कमिटीला माझी विनंती आहे, आणि ही पोस्ट काकांनाही टॅग करतेय. काका, रागावू नका, पण वाचा. पोस्टर अजून छापायला गेलेलं नाही. भावांची यादी राहू दे. तिच्याखाली किमान वेतन लिहा, करारातलं ते कलम लिहा, आणि हिंदुस्थानसाठी वर्षाला 100 हा आकडाही लिहा. जागा पुरत नसेल तर ज्यूकबॉक्सचं चित्र लहान करा. मजकूर मी आज रात्रीच टाइप करून पाठवते.