‘सॉफ्टवेअर चालवा, तालिका जोडली जाईल’ या दाव्याला उत्तर

ग्रंथालयं आणि संग्रहालयांशी संबंधित गटांमध्ये एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मार्क हा ग्रंथांच्या नोंदी संगणकात ठेवण्याचा साठच्या दशकातला साचा टाकून द्या, रूपांतराचं सॉफ्टवेअर चालवा, तालिकेतल्या, म्हणजे संग्रहाच्या सूचीतल्या, सगळ्या नोंदी लिंक्ड डेटात (प्रत्येक व्यक्ती, ग्रंथ, विषय यांना वेबपत्ता देऊन एकमेकांशी जोडलेल्या माहितीत) येतील आणि जगभरच्या संग्रहांशी आपोआप जोडल्या जातील. पुढे खर्च नाही. अडलंय ते फक्त ग्रंथपालांच्या मानसिकतेमुळे.

लिंक्ड डेटा मलाही हवाच आहे. म्हणूनच हे खोडून काढणं भाग आहे, कारण या भरवशावर अंदाजपत्रकं आखली गेली तर चांगलं काम अर्ध्यावर बंद पडेल.

आधी ‘सॉफ्टवेअर सगळं करतं’ हा मुद्दा. साचा ते बदलतं, हे खरं. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं मार्कमधून बिबफ्रेममध्ये, म्हणजे लिंक्ड डेटासाठीच्या नव्या साच्यात, नोंदी नेण्याची साधनं मोफत दिली आहेत. पण नोंदीच्या १०० क्रमांकाच्या फील्डमध्ये, म्हणजे मुख्य लेखकाच्या रकान्यात, नुसतं ‘स्मिथ, जॉन’ असेल तर हा कोणता जॉन स्मिथ? विकिडेटात, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्यात, त्या नावाची माणसं ढिगानं सापडतात. जन्मसाल दिलेलं नसेल तर पुस्तक हातात घ्यावं लागतं, प्रस्तावना वाचावी लागते, प्रकाशक आणि इतर ग्रंथ ताडून पाहावे लागतात. यंत्रानं अंदाजानं दुवा जोडला आणि तो चुकला, तर चूक आपल्या तालिकेपुरती राहत नाही. ज्यांनी ज्यांनी आपला डेटा घेतला, त्या सगळ्यांकडे ती पोचते.

त्याच नोंदीत प्रकाशनवर्ष म्हणून ‘[१८--?]’ असं लिहिलेलं असतं. तालिकाकारानं विचारपूर्वक नोंदवलेली ही शंका आहे: एकोणिसाव्या शतकातलं असावं, खात्री नाही. वर्षाच्या जागी चार अंकच हवेत असं धरून लिहिलेला प्रोग्रॅम हे गाळून टाकतो किंवा सरळ १८०० करून मोकळा होतो. संग्रहालयात तर याहून वाईट घडतं. ‘अमुक चित्रकाराची कृती असावी’ यातलं ‘असावी’ गळून पडतं आणि उरतं ‘निर्माता: अमुक’. हे कोण म्हणतं, कशाच्या आधारे, हे सांगायची सोय सीडॉक सीआरएम या संग्रहालयांच्या माहितीसाठीच्या आराखड्यात आहे, आणि २००६ पासून ते आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पण ती माहिती भरायला त्या वस्तूचा जाणकारच लागतो.

‘पुढे खर्च नाही’ हे तर धडधडीत चूक. लिंक्ड डेटाचा सगळा डोलारा वेबपत्ता टिकण्यावर उभा आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं (ग्रंथांचे विषय नोंदवायची ठरावीक नावं) २००८ मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं एलसीएसएच डॉट इन्फो या पत्त्यावर लिंक्ड डेटा म्हणून प्रयोगादाखल ठेवली होती. ते संकेतस्थळ त्याच वर्षी बंद झालं. अधिकृत सेवा २००९ मध्ये आली, ती वेगळ्या पत्त्यावर. तोवर ज्यांनी जुने पत्ते आपल्या डेटात वापरले होते, त्यांचे दुवे तुटले. सर्व्हर, डोमेन आणि ते सांभाळणारा माणूस यांसाठी दरवर्षी पैसे लागतात, आणि प्रकल्पाचं अनुदान संपलं तरी ते लागतच राहतात.

राहिला मानसिकतेचा आरोप. बिबफ्रेमचं काम २०११ मध्ये सुरू झालं. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१८ मध्ये आपली लिब्रिस ही अनेक ग्रंथालयांची मिळून असलेली संयुक्त तालिका लिंक्ड डेटावर नेली, तीही अनेक वर्षांच्या तयारीनंतर आणि राष्ट्रीय संस्थेच्या बळावर. बहुसंख्य ग्रंथालयांकडे असं बळ नाही. त्यांच्या प्रणाली मार्कवर चालतात आणि पुरवठादारांकडून आयत्या नोंदी येतात त्याही मार्कमध्येच. एकट्यानं मार्क सोडणं म्हणजे त्या नोंदींची देवाणघेवाण सोडणं. जिथे एकच माणूस पुस्तकांची देवघेव, खरेदी आणि तालिकीकरण तिन्ही पाहतो, तिथे त्याला जुनाट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

करण्यासारखं मात्र आजही आहे, आणि त्यासाठी मार्क टाकावा लागत नाही. मार्कच्याच उपफील्ड (फील्डमधला छोटा कप्पा) ० आणि १ मध्ये व्यक्तीचा, विषयाचा ओळखपत्ता, म्हणजे तिची नेमकी ओळख पटवणारा वेबपत्ता, लिहिता येतो. नव्या नोंदींपासून सुरुवात करावी, मग आपल्या संग्रहाचं वैशिष्ट्य असलेले लेखक घ्यावेत. पैसे मागायचेच असतील तर आधी ही नावं तपासून पक्की करणाऱ्या माणसाच्या पगारासाठी मागा.