धूळ की धूर?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने परवा व्हिडिओ टाकला. संभाजीनगरचा जालना रोड, पाण्याचे तुषार उडवत चाललेली गाडी आणि खाली ओळ : 'बघ, आपल्याकडंही प्रदूषणाचं काम सुरू झालं.' जालन्याच्या मामांनी लगेच टोला हाणला, 'कारखान्यांच्या चिमण्या सोडून रस्ते धुवायलेत.' वहिनीचं तिसरंच : पहाटे कॉलनीच्या कोपऱ्यावर कचरा पेटवतात, त्याचं काय?

मी जर्मनीत स्टुटगार्टला हवेतले कण मोजायचं काम करतो, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. पण तिघांत खरं कोण, हे कणांच्या नुसत्या वजनावरून सांगता येत नाही आणि आपल्याकडचे वाद वजनावरच चालतात. घनमीटरभर हवेत इतके मायक्रोग्रॅम. पीएम 2.5 ची, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांची, आपली वार्षिक मर्यादा 40, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 5. ठीक. पण मोंढ्यात पोतं नुसतं तोलून कोणी भाव करत नाही. मूठभर माल तळहातावर घेऊन बघतात.

बारीक कणांत मोठा वाटा सेंद्रिय, म्हणजे कार्बनच्या संयुगांचा असतो. (ऑरगॅनिक म्हटलं की आईला गूळ आठवतो, हा माल तसला नव्हे.) न जळलेलं इंजिन ऑइल, तळणीचा धूर, पऱ्हाट्यांचा, गोवऱ्यांचा, प्लास्टिकचा. शिवाय काही कण कुठल्याच धुराड्यातून निघत नाहीत. निघतात वायू, आणि पुढे हवेत त्यांचे कण बनतात.

आमच्या यंत्रात हवा बारीक छिद्रातून निर्वात नळीत ओढली जाते. कण सुमारे 600 अंशांवर तापवलेल्या धातूवर आदळतो, त्याची वाफ होते, इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान मोजलं जातं. पडद्यावरच्या आलेखात वस्तुमान 57 ची रेघ उंच असली की संशय इंजिनाच्या तेलावर. 44 वाढला की कण जुना, हवेत मुरलेला. 60 म्हणजे लाकूडफाटा : सेल्युलोज जळताना लेव्होग्लुकोसान तयार होतं, त्याचा हा तुकडा. पडद्यावर 60 चढायला लागला की मला हुरड्याची आगटी दिसते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेली कणसं, काका राखेतून एकेक ओढताहेत आणि आम्ही पोरं डोळे चोळत धुराच्याच बाजूला बसलोय.

आता इथलं ऐका. स्टुटगार्ट गाड्यांचं शहर, आणि कढईसारख्या खोलगटात वसलेलं. 2016 पासून हवा साचली की सूक्ष्म धुळीचा इशारा निघायचा. 2019 पासून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी, ती मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइड या वायूसाठी. नेकारटोर भागात 2017 मध्ये रस्त्यालगत 100 मीटर लांब शेवाळाची भिंत उभी केली, कण शोषून घेईल म्हणून. हवेत फरक काही मोजता आला नाही. देखाव्याचा मक्ता एकट्या आपल्याकडे नाही तर! त्याच सुमारास कार्ल्सरूहच्या संशोधकांनी इथले सेंद्रिय कण तपासले. उन्हाळ्यात झाडांच्या वाफांपासून बनलेल्या कणांचा वाटा मोठा निघाला, हिवाळ्यात लाकडाच्या धुराचा. डिझेलला शिव्या घालणारे माझे शेजारी घरात हीटर असताना हौसेने लाकडाची शेगडी पेटवतात. सातच्या सुमारास मी खिडकी लावून घेतो.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. संभाजीनगर, जालना, लातूर त्यात आहेत. शहरांना गुण मिळतात ते पीएम 10 वर, म्हणजे दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांवर, आणि पीएम 10 मध्ये धुळीचं पारडं जड. मग पैसा कुठे जाणार? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2024 मध्ये देशभराचा हिशेब मांडला : 64 टक्के खर्च रस्त्याच्या धुळीवर, उद्योगांवर एक टक्काही नाही. हा आकडा बघून मामा खूश. पण म्हणून जालन्याच्या हवेत चिमण्यांचाच धूर जास्त असं सिद्ध होत नाही, हे लिहिल्यावर त्यांनी ग्रुप म्यूट केला म्हणे. रस्त्यांवर पाणी मारू नका असं मी म्हणत नाही. धुळीनेही छाती भरते. मात्र पहाटेच्या कचऱ्याचा धूर त्या पाण्याने बसत नाही.

'तिकडं बसून बोलायला काय जातंय? तुझं यंत्र कोटीचं,' दादा म्हणाला. खरं आहे. पण पहिल्या पायरीला ते लागतही नाही. पंपाला क्वार्ट्झच्या तंतूंचा फिल्टर कागद लावून त्यातून हवा ओढायची; क्वार्ट्झचा, कारण भट्टीत तो टिकतो. टप्प्याटप्प्याने तापवला की आधी सेंद्रिय कार्बन सुटतो, मग काजळी. त्याच कागदाचा दुसरा तुकडा पाण्यात भिजवून लेव्होग्लुकोसान शोधता येतं. आपल्या विद्यापीठात रसायनशास्त्र आहे, पर्यावरणशास्त्र आहे, कामाला तयार मुलं आहेत. एवढंच, की मे महिन्यात कागद काढून टेबलावर ठेवायचा आणि चहाला जायचं असं चालणार नाही. 42 अंशांत हलके पदार्थ उडून जातात आणि कागदावर हवा उगाच स्वच्छ दिसते. काढला की थेट फ्रीजरमध्ये.

एक कागद जालना रोडला, एक मामांच्या एमआयडीसीजवळ, एक कॉलनीच्या कोपऱ्यावर, असं मी ग्रुपवर लिहिलं. दादाने अंगठा दाखवला. वहिनीने लिहिलं, 'भाऊजी, कोपऱ्यावरचा आधी लावा. गच्ची आमची घ्या, वीजही देते. फक्त पहाटे चारच्या आत चालू करा, पाचला पेटवतात.'