कंपनीचं नाव नको, मॉडेल नंबर सांगा

आज डोकं सणकलंय म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

दुपारी एक काका मुलाचा लॅपटॉप माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आले. मुलगा सोबतच, मेकॅनिकल, सेकंड इयर. वॉरंटी नुकतीच संपलेली, डावं बिजागर पॅनेलमधून उखडलेलं, झाकण मिटायला गेलं की कोपऱ्यात बॉडी फाकते. काकांचा एकच धोशा, "पण कंपनी तर चांगली आहे ना हो? ह्याच्या वर्गात सगळ्यांकडे हीच." आणि चिरंजीवांचं तेवढ्यात ठरलेलं, "ही कंपनीच बेकार, पुढचा मी दुसऱ्या कंपनीचा घेणार." एका मिनिटात एक कंपनी देव्हाऱ्यातून गटारात आणि दुसरी तिच्या जागी देव्हाऱ्यात.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. लिहिलं की खाली सगळी हाणामारी त्या नावावरच होणार. शिवाय गंमत अशी की त्याच मुलाच्या रूममेटचा लॅपटॉपही त्याच कंपनीचा आहे. बिझनेस सिरीजचा, ह्याच्यापेक्षा जुना, आणि बिजागर आजही घट्ट. लोगो तोच. मग आता कंपनी चांगली म्हणायची का वाईट?

दरवर्षी इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागल्या की फॅमिली ग्रुपवर "एचपी घेऊ का डेल?" सुरू होतं. आयटीतला मामा छातीठोकपणे सांगतो, लेनोव्हो घे, दगड आहे दगड. मामाला ऑफिसने थिंकपॅड दिलाय. भाचा मॉलमध्ये जाऊन त्याच कंपनीचा सगळ्यात स्वस्त आयडियापॅड उचलतो आणि म्हणतो, मामाने सांगितलेलाच घेतला. अरे बाबा, थिंकपॅड, लॅटिट्यूड, प्रोबुक, एलिटबुक ही ऑफिसात वर्षानुवर्षं बडवली जाण्यासाठी बनवलेली मशिनं आहेत. मॉलमधला सेलचा माल वेगळ्या हिशोबाने बनतो, एकेक रुपया वाचवून. त्यात भर म्हणून डेलने २०२५ मध्ये इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड ही नावंच मोडीत काढून डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स अशी नवी नावं आणली. झालं, आता 'डेल' मागितलं तर नक्की काय मागितलं हेही कळायला मार्ग नाही.

आणि बनवतं कोण? यातले बरेच लॅपटॉप क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक असल्या तैवानी कंपन्या बनवून देतात, आणि एकेक जण अनेक ब्रँडची कामं घेतो. खालचं कव्हर काढून बोर्ड बघा. 'एलए' ने सुरू होणारा नंबर छापलेला असेल तर बोर्ड कॉम्पालचा, 'डीए०' असेल तर क्वांटाचा. वर झाकणावर लोगो कुठलाही असो. ज्या नावावरून हॉस्टेलमध्ये पोरं एकमेकांची अक्कल काढतात, ते नाव बोर्डवर कित्येकदा सापडतही नाही.

आता त्या बिजागराबद्दल, कारण काकांना वाटत होतं पोराने आपटलं. आपटलं नव्हतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये सी पॅनेल, म्हणजे कीबोर्ड-टचपॅड बसतो तो भाग, प्लास्टिकचा असतो. त्यात पितळेचे बारीक नट गरम करून दाबून बसवतात आणि बिजागराचे स्क्रू त्या नटांत जातात. बिजागर स्टीलचं, कडक. त्याला धरून ठेवणारं प्लास्टिक पातळ. झाकण मधोमध न धरता रोज उजव्या नाहीतर डाव्या कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच बाजूच्या नटांवर. त्यातून बिजागर गंजलं किंवा त्याचं ग्रीस सुकलं की ते आणखी कडक होतं. आधी कोपऱ्यात 'कट्' असा आवाज येतो. मग पॅनेलच्या सांध्याला केसाएवढी फट पडते. इथे थांबून आणलंत तर बिजागराच्या दांड्यावरचा नट (पितळेचा नव्हे) थोडा सैल करून, प्लास्टिकचा तुटलेला खांब इपॉक्सीने बसवून, पूर्ण २४ तास सुकवून काम भागतं. पण फट दिसत असताना रेटत राहिलं की नट प्लास्टिकसकट उपटून येतो.

काकांच्या मशिनमध्ये नेमकं तेच झालेलं. दोन पितळी नट स्क्रूलाच लटकत होते, भोवती काळ्या प्लास्टिकचं कडं. वर कुणीतरी फेविक्विक ओतलेलं! ते ठिसूळ, बिजागराचा पहिलाच हिसका बसला की सुटतं. आणि पातळ असल्यामुळे वाहत जाऊन थेट बिजागराच्या दांड्यात शिरतं, मग बिजागर आणखी जाम. डिस्प्लेची केबल त्याच्या शेजारूनच जाते, ती चिमटली की स्क्रीनवर रेषा. म्हणजे आधी नुसतं पॅनेल होतं, आता पॅनेल, बिजागर आणि केबल. कृपा करून, हात जोडून सांगतो, बिजागराला फेविक्विक लावू नका.

दुकानात जाल तेव्हा एवढं करा. लॅपटॉप टेबलावर ठेवून झाकण मधोमध एका बोटाने उघडा. खालची बॉडी झाकणाबरोबर वर उचलली गेली तर बिजागर नको तितकं कडक आहे. मग झाकण हळूहळू पुढेमागे करताना बिजागराजवळचा कोपरा बघा, प्लास्टिक फुगतंय का. डेमो पीसची रोज शंभर लोक उघडझाप करतात, त्यामुळे कोपऱ्याची खरी हालत तोच सांगतो.

आणि खरा संताप तर पुढे आहे. मुलगा मला म्हणाला, "काका, बिजागर करताच आहात तर रॅमही १६ करून द्या, सॉलिडवर्क्स उघडलं की अडकतं." बघितलं तर आत रायझेन ५ ७५२०यू. विकताना सांगितलेलं, "रायझेन ५, ७००० सिरीज, एकदम लेटेस्ट." रायझेन बनवणाऱ्या एएमडीच्या ह्या सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा असतो, आतली रचना, म्हणजे 'झेन', कितवी ते तो सांगतो. २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. झेन २ ही २०१९ ची रचना. ७५२०यू ला ४ कोअर, शेजारच्याच ७५३०यू ला ६ कोअर आणि नवी रचना. स्टिकर दोघांवर एकच, रायझेन ५. आणि ७५२०यू ला फक्त एलपीडीडीआर५ रॅम चालते, ती बोर्डवरच सोल्डर केलेली येते. ८ जीबी आली की मशिन भंगारात जाईपर्यंत ८ जीबीच. त्यातलाही काही हिस्सा ग्राफिक्स खातं. पोराचं तोंड एवढंसं झालं. आता त्याला काय सांगणार, की एका आकड्याने तुझी वाट लावली?

इंटेलवाल्यांनीही हसू नये. तिथे शेवटचं अक्षर बघा. आय५-१२३५यू मधला यू म्हणजे १५ वॉटचा प्रोसेसर, आय५-१२४५०एच मधला एच म्हणजे ४५ वॉटचा. १२३५यू ला १० कोअर आहेत म्हणून सेल्समन तो भारी म्हणून खपवेल, पण त्यातले ताकदीचे कोअर २, बाकी ८ छोटे. १२४५०एच मध्ये एकूण ८ च, पण ताकदीचे ४. कॅड, रेंडरिंग, कंपायलिंग असं रेटून करायचं असेल तर एच घ्या. नोट्स, पीपीटी, थोडंफार कोडिंग असेल तर यू पुरतो, आणि बॅटरीही जास्त चालते.

रॅम वाढवता येते का हे दुकानातच कळतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डवर चिकटलेली, 'एसओडिम' असेल तर निघणारी. काही मॉडेलमध्ये अर्धी चिकटलेली आणि एक स्लॉट असतो, ते चालेल. अशा मशिनमध्ये ८ वर ८ टाकली की दोन्ही चॅनेल सुरू होतात आणि नुसत्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सलाही चांगलाच जोर येतो. २०२६ मध्ये इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोराला न वाढणारी ८ जीबी देणं म्हणजे पैसे पाण्यात.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. निट्स म्हणजे उजेड, एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांची मापं. बॉक्सवर '२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर खिडकीशेजारी बसून डोळे बारीक करावे लागतील आणि लाल रंग विटकरी दिसेल. आर्किटेक्चर, डिझाइनवाल्यांनी १०० टक्के एसआरजीबी नसेल तर हातही लावू नये. बॅटरीत तास विचारू नका, वॉट-अवर विचारा. ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि साधं काम करताना ८ वॉट खाणारं मशिन म्हणजे नवीन असताना सव्वापाच तास. जाहिरातीतले तास स्क्रीन अंधुक करून मोजलेले असतात.

आता ॲपलवाले येतील. या. बॅटरी, स्क्रीन, टचपॅड, मेटल बॉडी यात मॅकबुक एअरच्या जवळपास ह्या किमतीत फारसं कुणी नाही, मान्य. ऑक्टोबर २०२४ पासून सुरुवातच १६ जीबीपासून केली, तेही बरं केलं. पण सॉलिडवर्क्स, कॅटिया, ॲन्सिस, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, स्टॅड, ईटॅब्स या डिझाइन-ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरपैकी काहीही मॅकवर सरळ चालत नाही. कॉमर्सच्या पोरांना टॅली लागतं, ते विंडोजवालं. पॅरलल्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज टाकून जुगाड होतो, पण सबमिशनच्या आदल्या रात्री जुगाडावर विसंबायचं का हे तुम्हीच ठरवा. कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल तर खुशाल घ्या, आयफोनची ॲप्स बनवायची असतील तर घ्यावाच लागेल, एक्सकोड दुसरीकडे चालत नाही. मेकॅनिकल-सिव्हिलच्या पोराने निव्वळ वर्गातल्या शायनिंगसाठी मॅक मागितला तर बापाने खुशाल नाही म्हणावं.

गेमिंग लॅपटॉपही त्याच तालावर चाललेत. "आरटीएक्स ४०५० आहे" म्हणजे काय आहे? तेच कार्ड ३५ वॉटलाही मिळतं आणि ११५ वॉटलाही. नाव एक, कामात जमीन-अस्मानाचा फरक. स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी, म्हणजे कार्डाला किती वॉट मिळतात तो आकडा, शोधा, लिहिलेला नसेल तर का नाही ते समजून घ्या. वर सव्वादोन-अडीच किलोचं धूड, विटेएवढा ॲडॅप्टर आणि वर्गात सॉकेट नाही.

बरं, एका बाबतीत कंपनी बघावी लागते, तेवढं कबूल करतो: सर्व्हिस आणि पार्ट. खपाच्या मॉडेलचं एबीएच, म्हणजे झाकण, बेझेल (स्क्रीनभोवतीची चौकट) आणि बिजागराचा सेट, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीत नेहरू प्लेसमध्ये बहुतेक वेळा मिळून जातो. दुर्मिळ मॉडेलचं पॅनेल आठवडेच्या आठवडे येत नाही. तेव्हा तुमच्या गावात, निदान जिल्ह्याच्या ठिकाणी, कुणाचं सर्व्हिस सेंटर आहे ते आधी शोधा. वॉरंटी ऑनसाइट (माणूस घरी येतो) आहे का कॅरी-इन (मशिन आपण न्यायचं), तेही विचारा. बिजागर तुटलं की बहुतेक ठिकाणी 'फिजिकल डॅमेज' म्हणून हात वर करतात, म्हणून घेतानाच अपघाती नुकसानीचं कव्हर घ्या. एक्स्टेंडेड वॉरंटी आणि हे कव्हर या दोन वेगळ्या गोष्टी, सेल्समन दोन्ही एकाच दमात बोलतो.

काका जाताना म्हणाले, हप्ते अजून चालू आहेत. पोरगं मान खाली घालून उभं. त्याच्यावर आता राग नाही माझा. त्याने सगळ्यांकडे जे होतं ते मागितलं, बापाने ऐपतीबाहेर जाऊन दिलं. हा एक आकडा बघा म्हणून सांगायला त्या दुकानात दोघांपाशी कुणी नव्हतं. पॅनेलचं कामच असं आहे की स्वस्तात करतो म्हटलं तरी पार्टाचे पैसे लागतातच.

बजेट खरंच कमी असेल तर सेलमधला सगळ्यात स्वस्त नवा घेण्यापेक्षा ऑफिसातून निघालेला थिंकपॅड टी४८० किंवा त्याच काळातला लॅटिट्यूड बघा. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, बाहेरची बॅटरी हाताने निघते, कीबोर्ड स्वतंत्र बदलतो. इंटेल आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे द्यायच्या आधी बायोसमध्ये शिरून बघा, पासवर्ड मागितला तर सोडून द्या. विंडोज नव्याने टाकून नेटला जोडा. कुठल्यातरी कंपनीचं लॉगिन मागायला लागलं तर ते मशिन अजून त्यांच्या नावावर आहे. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', स्पेस, '/बॅटरीरिपोर्ट' इंग्रजीत टाइप करा. बनलेला रिपोर्ट उघडला की मूळ क्षमता आणि आजची फुल चार्ज क्षमता एकाखाली एक दिसते. निम्म्यावर आली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या.

आणि नवा घेतलात तर घरी आल्या आल्या खालचा सिरियल नंबर बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघा, मग कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटी कधीकधी बिलाच्या तारखेऐवजी माल डीलरकडे गेला त्या तारखेपासून सुरू झालेली दिसते. जीएसटी बिल पाठवलं की तारीख दुरुस्त करून मिळते, पण हे पहिल्या आठवड्यात करा. अकराव्या महिन्यात बिल शोधत बसलात तर मला फोन करू नका.