‘हॉट जॅझ गोऱ्या पोरांनी वाचवला’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या रस्त्यावर विशी-तिशीतली पोरं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, जरा छोटं वाद्य), बँजो, वॉशबोर्ड (कपडे घासायची फळी, तालासाठी) घेऊन जुना जॅझ, म्हणजे हॉट जॅझ, वाजवताहेत असा व्हिडिओ आणि खाली मजकूर. त्यात म्हटलं होतं की जॅझ १९१७ मध्ये सुरू झाला. तो वाजवणारी माणसं नोटेशन न येणारी, मनाला येईल ते फुंकणारी होती. १९३० नंतर हे संगीत मेलं, कृष्णवर्णीयांनी टाकून दिलं आणि आता गोऱ्या तरुणांनी वाचवलं. ही पोरंसुद्धा जुन्या रेकॉर्डची नक्कलच करतात, तेव्हा आपल्या मुलांनी असल्या परक्या गोष्टीत वेळ घालवू नये.

माझी भाची सोळा वर्षांची आहे, तीन वर्षं ट्रम्पेट शिकते आहे. तिने तो वाचला आणि मला फोन केला, “मावशी, मी वाजवते ते मेलेलं आहे का गं?” म्हणून हे लिहिते आहे. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं.

आधी ते १९१७. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ या गोऱ्या वादकांच्या बँडने न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्ड केली. ती जॅझची पहिली रेकॉर्ड मानतात, इतकंच खरं. बडी बोल्डन १९०० च्या आसपास न्यू ऑर्लिन्समध्ये कॉर्नेट वाजवून गर्दी खेचत होता आणि १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात भरती केलं, तेव्हा या बँडचा पत्ताही नव्हता. बोल्डनची एकही रेकॉर्ड उरलेली नाही, म्हणून तो झालाच नाही असं म्हणायचं? त्या डिक्सीलँड बँडचा पुढारी निक लारोका उतारवयात सांगत राहिला की जॅझ गोऱ्यांनीच निर्माण केला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तीच री ओढली आहे.

नोटेशनचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करते. सिडनी बेशेसारख्या थोर वादकालाही नोटेशनची कधी गरज भासली नाही. पण पियानोवादक जेली रोल मॉर्टनची रचना १९१५ मध्येच छापून विकायला आली होती, आणि लोरेंझो टिओने क्लॅरिनेटवादकांची एक अख्खी पिढी नीट धडे देऊन घडवली. आणि ‘मनाला येईल ते’ म्हणजे काय? कॉर्नेटने गाण्याची मुख्य चाल धरायची, क्लॅरिनेटने तिच्यावरून वेलबुट्टी काढत जायचं, ट्रोम्बोनने खालून घसरत आधार द्यायचा, आणि हे तिघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या पायात न येता. उपज आहे ती, आणि तिला शिस्त लागते. भाचीने कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडच्या १९२३ च्या एका रेकॉर्डमधली दुसऱ्या कॉर्नेटची ओळ वहीत उतरवून घेतली. ती ओळ पुढे जगभर गाजलेल्या लुई आर्मस्ट्राँगची. आठ मात्रा उतरवायला तिची अख्खी दुपार गेली, वही खोडरबराने फाटायला आली.

आता ज्याने माझं डोकं खरं फिरलं तो मुद्दा: कृष्णवर्णीयांनी टाकलं, गोऱ्यांनी वाचवलं. यातही तथ्याचा एक कण आहे आणि तो लपवणार नाही. साठच्या दशकात तिथल्या बऱ्याच कृष्णवर्णीय तरुणांना हे संगीत आज्याच्या जमान्यातलं, गोऱ्यांपुढे हसून दाखवणारं वाटत होतं. वृद्ध वादकांना वाजवायला ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ मिळाला तो १९६१ मध्ये, आणि तो चालवणारे ॲलन आणि सँड्रा जॅफी फिलाडेल्फियाहून आलेलं गोरं जोडपं होतं. त्यांचे उपकार आहेतच.

पण त्या हॉलमध्ये वाजवत कोण होतं? ज्यांच्या हाताबोटांत ते संगीत होतं तेच कृष्णवर्णीय म्हातारे. आणि पुढची पिढी घडवली डॅनी बार्करने. हा बँजो-गिटारवादक अनेक वर्षं न्यूयॉर्कमध्ये काढून १९६५ मध्ये गावी परतला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आसऱ्याने मोहल्ल्यातल्या पोरांचा बँड उभा केला. लिरॉय जोन्स त्या बँडचा म्होरक्या झाला तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. ब्रॅनफर्ड आणि विंटन मार्सालिस, क्लॅरिनेटवादक मायकेल व्हाइट, ट्रोम्बोनवादक ल्यूशियन बार्बरिन, सगळे त्याच अंगणातले. पुढचा ‘डर्टी डझन ब्रास बँड’ही याच लाटेतून आला.

शिवाय तिथे अंत्ययात्रेला बँड निघतोच. जाताना संथ भजन, ताशासारख्या स्नेअर ड्रमच्या तारांखाली रुमाल घालून आवाज दाबलेला. मूठमाती दिल्यावर रुमाल काढायचा, चाल बदलायची आणि मागून सगळी वस्ती नाचत निघते. ज्या वस्तीत मयताला हे वाजतं, तिने ते टाकून दिलं असं कुणी कुठल्या तोंडाने म्हणावं? ट्यूलेन विद्यापीठात १९५८ मध्ये सुरू झालेल्या जॅझ संग्रहात जुन्या वादकांच्या मुलाखती टेप करून ठेवल्या आहेत. कोण कुणाकडे शिकलं, बाप, काका, शेजारी, सगळं त्यांच्याच तोंडून. लिहिण्याआधी त्यातली एक जरी ऐकली असती तरी पुरे होतं.

‘मेलं’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: चाळीसच्या दशकात बंक जॉन्सन या जुन्या ट्रम्पेटवादकाला नवे दात बसवून पुन्हा वाजवतं केलं होतं, आणि पन्नासच्या दशकात ब्रिटनमध्ये याच संगीतावर पोरं थिरकत होती.

नक्कल म्हणाल, तर व्हिडिओतल्यासारखे रस्त्यावर वाजवणारे बँड मी नीट ऐकले आहेत. ‘टुबा स्किनी’ २००९ पासून वाजवतोय.  १९२५ च्या आधी रेकॉर्ड करायला मायक्रोफोन वापरत नसत, भोंग्यासमोर वाजवायचे. मोठा ड्रम जोरात वाजला तर सुई उडेल म्हणून तो वाजवतच नसत. म्हणजे त्या रेकॉर्डमध्ये अर्धी लय नाहीच. ती आजच्या पोरांना स्वतः शोधावी लागते. आजचा गायक बालगंधर्वांचं पद गातो तेव्हा त्याला आपण नक्कल म्हणतो का?

राहिलं ‘परकं’. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. गोव्यातल्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांचं ट्रम्पेट आपल्या सी. रामचंद्रांच्या संगीतात आहे, १९५१ च्या ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात. भाचीच्या आजीला ती गाणी तोंडपाठ आहेत. तिने नातीला त्यातलं एक ट्रम्पेटवर काढायला सांगितलंय. मुखडा जमलाय, अंतऱ्यात अजून श्वास पुरत नाही.