रिकाम्या ट्रेलरचे वजन

वाहनामागे काही जोडायचे म्हटले की आमच्या तालुक्यात ट्रॅक्टर आणि ट्रॉली हीच जोडी लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्यामुळे आमच्या कॅम्पर व्हॅनमागे सामानापुरता एक लहान, हलका ट्रेलर हवा आहे, असे मी जाहीर करताच गावाचा पहिला प्रश्न आला तो "किती क्विंटलचा?" हा. स्वतःच्या वजनासकट पाच क्विंटल, त्यावर एक किलो नाही, असे सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी दया दिसे, ती आमच्याकडे एरवी गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्लेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते.

व्हॅनमध्ये पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून झाल्यावर माणसांनी पाय कोठे ठेवायचे, हा प्रश्न शिल्लक राहिला होता. ट्रेलरची कल्पना त्यातून निघाली. तिला पहिला धक्का कायद्याने दिला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मोटार वाहनाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात ट्रेलरचाही समावेश आहे. म्हणजे ज्याला इंजिन नाही, सुकाणू नाही आणि स्वतःहून एक वीतही सरकण्याची इच्छा नाही, असा लोखंडी डबा हा सरकारदरबारी मोटार वाहनच असून त्याला नोंदणी, क्रमांक आणि दिवे हवेत. कागदपत्रांच्या त्या प्रकरणाविषयी येथे अधिक लिहीत नाही, कारण ते विनोदी लेखात बसत नाही.

खरी कसोटी होती वेल्डिंगच्या दुकानात. आमचे कारागीर ट्रॉल्या, पाण्याची टँकरे आणि टायरच्या बंड्या बनवण्यात पंचक्रोशीत पहिले. मात्र जड ते मजबूत, या तत्त्वावर त्यांची गाढ श्रद्धा आहे. मी 1.6 मिलिमीटरचा पत्रा म्हणताच त्यांनी हातातला होल्डर खाली ठेवला. "भाऊ, हा त कूलरचा पत्रा झाला. तीन एमएम टाका. पातय पत्रा टाकला अन् उद्या फाटला, त तुमीच माह्या नावानं बोंबलसान." मी वहीत केलेला हिशेब त्यांच्यापुढे धरला. आठ बाय चारचा तीन मिलिमीटरचा एक पत्रा सुमारे 70 किलो भरतो. तळ आणि बाजू मिळून तीन पत्रे लागणार, म्हणजे सांगाडा, आख आणि चाके यांच्याआधीच 210 किलो संपले. तेच पत्रे 1.6 मिलिमीटरचे घेतले तर 112 किलोंत भागते. त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि विचारले, "मंग वाचलेल्या शंभर किलोचं काय करता?" हा प्रश्न किती खोल होता, हे मला घरी गेल्यावर उमगले.

चाकांवरून झालेला वाद थोडक्यात आटोपला. ऑटोरिक्षाची चाके स्वस्त पडतात. पण आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत ती अख्खी मावतात आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत उतरली तर बाहेर काढण्यासाठी बैलजोडीच मागवावी लागेल. म्हणून लहान मोटारीचे 145/80 आर 12 मापाचे टायर ठरले. टायरच्या बाजूवर त्या मापापुढे 74 असा आकडा असतो आणि त्याचा अर्थ एका टायरला 375 किलो भार चालतो असा होतो. दोन टायरांना 750 किलो, म्हणजे आमच्या पाचशेला पुरून उरते. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला जास्तीत जास्त एकूण 750 किलोंचीच मुभा आहे, हेही मी कारागिरांना ऐकवले. त्यावर, युरोपात परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. उतारावर ब्रेक नसलेला ट्रेलर व्हॅनला मागून ढकलतो, हे मला नाकारता येईना आणि पाचशेचे बंधन का पाळायचे, याचे कारण मला आयतेच मिळाले. ट्रेलरची दांडी लांब ठेवण्यावर मात्र मी ठाम राहिलो, कारण ती आखूड झाली तर व्हॅनचा मागचा दरवाजा उघडत नाही आणि उलटे घेताना ट्रेलर आपले ऐकण्याऐवजी काटकोनात वळून आपल्याकडेच पाहू लागतो.

घरी वाचलेल्या शंभर किलोंचे वाटप सुरू झाले होते. पत्नीने तुरीच्या डाळीचा एक कट्टा आधीच लिहून ठेवला होता. मामाजींची एकच अट होती: जेथे मुक्काम, तेथे रोडगे, आणि गॅसवर भाजलेल्या रोडग्याला ते रोडगा मानत नाहीत, सबब पोतेभर गोवऱ्या. भरलेली गॅसटाकी जवळपास 30 किलो, पाण्याच्या चार कॅन 80 किलो, तंबू, खुर्च्या, संत्र्यांचे कॅरेट असे मांडत गेलो तेव्हा ट्रेलरच्या वजनासकट कागद 480 वर थांबला. गोवऱ्या त्यात नव्हत्या. मामाजी रुसले.

ट्रेलर तयार झाल्यावर तो आम्ही जिनिंगच्या वजनकाट्यावर नेला. काट्यावरच्या मुलाने खिडकीतून "कापूस कोनाचा?" असे विचारले, आणि रिकाम्या डब्याची पावती मागणारा पहिला गिऱ्हाईक म्हणून मला बाकीच्यांच्या आधी घेतले. रिकामे वजन 230 किलो निघाले. पुढचा प्रश्न हुकावरच्या भाराचा होता. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पुढे हुकावर पडला पाहिजे. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर मागे झोके घेऊ लागतो आणि व्हॅनलाही हलवतो. मामाजींना हे समजावावे लागले नाही. बंडी उलार झाली की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, हे त्यांनी जन्मभर पाहिले आहे. घरी सगळे सामान भरून दांडीखाली वजनाचा काटा ठेवला तेव्हा 48 च्या जागी 35 किलोच दिसले.

"पुढे वजन पाहिजे," मामाजी म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता गोवऱ्यांचे पोते पुढच्या कोपऱ्यात ठेवून आले. काटा चढला. त्यांचा रुसवा पदार्थविज्ञानाच्या आधाराने मिटला, याचा मला आनंदच होता; पण पत्नी काट्याकडे पाहत होती.

"अहो, वजनच पाहिजे ना पुढे? मग मागचा डाळीचा कट्टा पुढे आणा. एकूण वजनही वाढणार नाही."

हे इतके बिनचूक होते की मामाजींनीही मान डोलावली. कट्टा पुढे आला, काटा 48 च्या पार गेला आणि गोवऱ्यांचे पोते सध्या व्हॅनमध्ये, माझ्या पलंगाखाली आहे.